एकवीस आकडी संख्या आणि तिचे दोन अवयव

स्मरणिकेत विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडेल असे काही असावे अशी सूचना झाली, तेव्हा आम्ही एका संख्येवर लिहावयाचे ठरविले. आम्ही कला शाखेचे पदवीधर. गणिताशी आमचा शालेय संबंध शालान्त परीक्षेबरोबर संपला. पुढे बँकेत नोकरी लागली आणि आकड्यांशी रोजचीच गाठ पडली. तेव्हा या लेखात जे काही आहे ते बेरीज, गुणाकार आणि भागाकार येणाऱ्या कोणासही समजेल, याची वाचकांनी खात्री बाळगावी. ज्यांना गणित या शब्दानेच धडकी भरते त्यांनी निदान निम्मा लेख वाचावा, एवढी विनंती.

ती संख्या अशी :

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७

एकूण एकवीस आकडे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त संख्यास्थानांची जी नावे दिली आहेत ती परार्धापाशी थांबतात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. आपली संख्या सुमारे १,४७५ परार्ध भरते. त्याहूनही जुन्या ‘ललितविस्तर’ या बौद्ध ग्रंथात अर्जुन नावाचा गणितज्ञ बोधिसत्त्वाच्या अंकज्ञानाची परीक्षा घेतो असा प्रसंग आहे. तेथे कोटीच्या पुढे शंभर शंभर पटींनी नावे घेत घेत बोधिसत्त्व तल्लक्षणापर्यंत जातो. तल्लक्षण म्हणजे एकावर त्रेपन्न शून्ये. त्या मोजणीत आमची संख्या वाटेतच कुठेतरी मागे पडते. म्हणजे केवळ मोठेपणासाठी तिचे कौतुक नाही. तिचे कौतुक आहे ते तिच्या पोटात काय दडले आहे, यासाठी.

ही संख्या तयार कशी होते ते पाहू. पहिल्या दिवशी एक रुपया बाजूला ठेवा, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी चार, चौथ्या दिवशी आठ. रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट. दहा दिवसांनी जमा होतात १,०२३ रुपये. वीस दिवसांनी १० लाख ४८ हजार ५७५. तीस दिवसांनी १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२३. आणि असे सदुसष्ट दिवस चालले तर जी जमा होईल ती बरोबर आपली संख्या. गणिताच्या भाषेत, २ ला २ ने गुणत गुणत २ चा सदुसष्टावा घात काढावा आणि त्यातून १ वजा करावा. इतक्या रकमेच्या एक-एक रुपयाच्या नोटा, मिनिटाला हजार नोटा मोजणाऱ्या यंत्रावर अहोरात्र मोजावयास घेतल्या तर सुमारे २८ हजार कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वय शास्त्रज्ञ सुमारे १,३८० कोटी वर्षे सांगतात. असो.

आता या जातीच्या संख्यांचे वैशिष्ट्य. ज्या संख्येला १ आणि ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कशानेही पूर्ण भाग जात नाही तिला मूळसंख्या म्हणतात, हे विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. २ चा दुसरा घात वजा १ म्हणजे ३, ही मूळसंख्या. तिसरा घात वजा १ म्हणजे ७, मूळसंख्या. पाचवा घेतला तर ३१, सातवा घेतला तर १२७, याही मूळसंख्याच. घातांक स्वतः मूळसंख्या नसेल तर मात्र उत्तर कधीच मूळसंख्या येत नाही. उदाहरणार्थ, चौथा घात वजा १ म्हणजे १५ आणि सहावा घात वजा १ म्हणजे ६३. यावरून घातांक मूळसंख्या असला की उत्तरही मूळसंख्या येणारच, असे कोणास वाटेल. पण अकराव्या घाताला हा समज मोडतो. २,०४७ ही संख्या दिसावयास अगदी अभेद्य वाटते, पण ती २३ गुणिले ८९ आहे.

मग कोणते घातांक चालतात आणि कोणते चालत नाहीत? हा प्रश्न फार जुना. युक्लिडपासून त्याला महत्त्व होते, कारण ६, २८, ४९६ यांसारख्या ज्या परिपूर्ण संख्या, म्हणजे ज्यांच्या स्वतःहून लहान भाजकांची बेरीज ती संख्याच येते, त्या या मूळसंख्यांपासूनच तयार होतात. १६४४ मध्ये पॅरिसचे ख्रिस्ती संन्यासी मारँ मर्सेन यांनी एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत एक यादीच दिली. २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढेच घातांक मूळसंख्या देतात, असे त्यांनी लिहिले. फर्मा, देकार्त अशा मोठमोठ्या विद्वानांशी त्यांचा पत्रव्यवहार होता आणि युरोपातील विद्वानांत त्यांचा दबदबा होता. त्यांनी सिद्धता दिली नाही. एवढ्या मोठ्या संख्या त्यांनी तपासल्या असणे शक्यच नव्हते, हे समकालीनांनाही कळत होते. तरीही यादी टिकली आणि त्या संख्यांना त्यांचेच नाव पडले. आमच्या संख्येला, म्हणजे सदुसष्टाव्या घाताच्या संख्येला, ‘मूळसंख्या’ हा शिक्का अशा रीतीने बसला आणि तो दोनशे बत्तीस वर्षे कोणी पुसला नाही.

येथे थोडे थांबावेसे वाटते. नामवंताने लिहिले म्हणून खरे मानणे ही सवय गणितातही शिरते, याचे नवल वाटते. कारण गणितात कोणाच्याही परवानगीवाचून तपासता येते. त्यास प्रयोगशाळा लागत नाही, पदवी लागत नाही, घराण्यात शिक्षणाची परंपरा असावी लागत नाही. कागद, पेन्सिल आणि वेळ असला की झाले. आमच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले गाइडमधील उत्तरसूचीशी आपले उत्तर जुळले नाही की आपले उत्तर खोडतात. सूची चुकली असेल काय, असा प्रश्न शंभरात एखादाच विचारतो. त्या एकासाठी पुढील हकीकत विशेष उपयोगाची आहे.

१८७६ मध्ये फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी सिद्ध केले की, आमची संख्या मूळसंख्या नाही. गंमत अशी की, तिला कशाने भाग जातो हे मात्र त्यांना सांगता आले नाही. हे ऐकून पुष्कळांना कोडे पडते. भाजक सापडला नाही, तर भाग जातो हे कळले कसे?

बँकेत हे कोडे पडत नाही. संगणक येण्यापूर्वी लेजरे हाताने लिहिली जात तेव्हाची गोष्ट आमचे ज्येष्ठ सहकारी सांगत. दिवसअखेर नावे आणि जमा या दोन बाजू जुळल्या नाहीत की चूक आहे हे ठाम ठरे. कोणत्या पानावर आहे, कोणत्या व्हाउचरात आहे, ते त्या बेरजेवरून कळत नसे. चूक असल्याचे ज्ञान पाच मिनिटांत होई आणि ती सापडावयास मध्यरात्र होई. ल्युकांची परीक्षा ही अशीच दोन बाजू जुळवून पाहण्याची युक्ती आहे. पुढे डी. एच. लेहमर यांनी १९३० मध्ये तिला जे सोपे रूप दिले ते येथे सांगतो.

४ पासून सुरुवात करावी. त्याचा वर्ग करावा, २ वजा करावेत, आणि उत्तराला तपासावयाच्या संख्येने भागून बाकी ठेवावी. त्या बाकीचा पुन्हा वर्ग, पुन्हा २ वजा, पुन्हा बाकी. घातांक जो असेल त्याहून दोनने कमी वेळा हे करावे. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ, अन्यथा नाही. घातांक २ सोडून बाकी सर्व मूळ घातांकांना हा नियम लागतो. ३१ घेऊन पाहा. घातांक ५, म्हणून तीन वेळा. ४ वरून १४. १४ वरून १९४, त्यास ३१ ने भागून बाकी ८. ८ वरून ६२, त्यास ३१ ने भागून बाकी शून्य. म्हणजे ३१ मूळसंख्या. हाच प्रकार २,०४७ वर नऊ वेळा केला तर बाक्या येतात १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२ आणि शेवटी १७३६. शून्य नाही, म्हणून २,०४७ मूळसंख्या नाही. आणि यात २३ किंवा ८९ यांचे नावही कोठे आले नाही, हे ध्यानात घ्यावे. १२७ ची परीक्षा पाच पायऱ्यांची आहे, ती विद्यार्थ्यांनी स्वतः करावी. आमच्या संख्येला पासष्ट पायऱ्या लागतात आणि दर पायरीला वीस-एकवीस आकडी संख्येचा वर्ग करावा लागतो. हे काम कंटाळवाणे खरे, पण माणसाच्या आवाक्यातले आहे.

ल्युकांनी त्याच सुमारास १२७ व्या घाताची संख्या मात्र खरोखरच मूळसंख्या असल्याचे दाखविले. ती एकोणचाळीस आकडी संख्या १९५१ पर्यंत जगातील सर्वांत मोठी ज्ञात मूळसंख्या होती. म्हणजे मर्सेन यांची यादी सर्वस्वी टाकाऊ नव्हती. हीच तर अशा याद्यांची अडचण असते.

चूक आहे हे कळले, पण पान सापडत नव्हते. शोधावयाचे कसे? एकवीस आकडी संख्येला ३, ७, ११ असे एकेकाने भाग देत बसलो तर जन्म पुरणार नाही. येथे फर्मा यांच्या एका शोधाची मदत होते. आमच्या संख्येचा कोणताही मूळ भाजक हा ६७ च्या दुपटीच्या, म्हणजे १३४ च्या, एखाद्या पटीपेक्षा बरोबर १ ने अधिक असलाच पाहिजे. २,०४७ वर ताळा घेऊ. घातांक ११, त्याची दुप्पट २२. त्यात १ मिळविला तर २३. आणि २२ चोक ८८, अधिक १ म्हणजे ८९. नियम बरोबर लागला. याखेरीज दुसरी अट अशी की, भाजकाला ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ च उरली पाहिजे. या दोन चाळण्यांतून बहुतेक सर्व संख्या गळून पडतात. तरीही जो भाजक अखेरीस सापडला तेथवर पोहोचावयास या चाळण्यांतून सुटलेले सुमारे सव्वासात लाख उमेदवार तपासावे लागतात. त्यांतून ३, ५, ७ यांनी भाग जाणारे वगळले तरी तीन लाखांच्या वर उरतात. प्रत्येकाने एकवीस आकडी संख्येला एक भागाकार, आणि तोही हाताने.

हे काम केले ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल यांनी. त्यांनी सरळ भागाकार करीत बसण्याऐवजी वर्गसंख्यांच्या बाक्यांवरून आणखी बारीक चाळण्या तयार केल्या. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या न्यूयॉर्क येथील सभेत त्यांनी उत्तर मांडले :

१९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७

या सभेची एक गोष्ट ई. टी. बेल या गणितलेखकाने सांगितली आहे. कोल फळ्यापाशी गेले, २ चा सदुसष्टावा घात हाताने काढून त्यातून १ वजा केला, फळ्याच्या दुसऱ्या बाजूस हे दोन अवयव मांडून त्यांचा गुणाकार केला, दोन्ही उत्तरे जुळली, आणि एक शब्दही न बोलता ते जागेवर येऊन बसले. सभेने टाळ्यांचा कडकडाट केला. पुढे बेल यांनी विचारले तेव्हा, या कामी तीन वर्षांचे रविवार गेले असे कोल म्हणाले. सांगणाऱ्याने गोष्टीला थोडे तिखटमीठ लावले असेल, तर आम्हास नवल वाटणार नाही. पण कोल यांच्या उत्तराला या गोष्टीच्या खरेपणाची गरजच नाही. तो गुणाकार आजही कोणीही, कोणत्याही गावी, वहीच्या पानावर करू शकतो.

पूर्ण गुणाकारास तासभर तरी लागेल. तेवढा वेळ नसेल त्याने ताळा करावा. जुन्या पद्धतीप्रमाणे अंकांची बेरीज एक आकडा उरेपर्यंत करीत जावे. पहिल्या अवयवाच्या अंकांची बेरीज ३७, त्यावरून १०, त्यावरून १. दुसऱ्याची ६४, त्यावरून १०, त्यावरून १. एक गुणिले एक, एक. आता मोठ्या संख्येच्या अंकांची बेरीज करा. ती १०९ येते, त्यावरून १०, त्यावरून १. ताळा लागला. हा नऊचा ताळा होय. बँकेतील जुन्या मंडळींना त्याची दुसरी बाजू तोंडपाठ असे. दिवसअखेरच्या फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला तर कोणीतरी आकड्यांची अदलाबदल केली असावी असे ते प्रथम धरीत. ७,८३२ ऐवजी ७,३८२ लिहिले तर फरक ४५०, म्हणजे नवाच्या पन्नास पट. पण नऊचा ताळा अशी अदलाबदल पकडू शकत नाही, कारण अंक तेच राहतात. म्हणून अकराचा ताळाही करावा. उजवीकडून एक अंक अधिक, एक वजा, असे करीत जावे आणि ११ ने भागून बाकी घ्यावी. पहिल्या अवयवाची उणे १३ येते, तिच्यात २२ मिळवून ९. दुसऱ्याची ८. नऊ आठे बहात्तर, त्याची ११ ने बाकी ६. मोठ्या संख्येची १७ येते, तिची बाकी ६. हाही जुळला. दोन ताळे जुळले म्हणजे गुणाकार निर्विवाद सिद्ध झाला असे नव्हे, पण चूक असती तर बहुधा येथे सापडली असती.

फर्मा यांची अटही पाहून घ्यावी. पहिल्या अवयवातून १ वजा करून १३४ ने भागल्यास १४,४५,५८० येतात आणि बाकी काही उरत नाही. दुसऱ्यातून १ वजा करून भागल्यास ५,६८,५३,६०,१२९ येतात, येथेही बाकी शून्य. आणि ८ ने भागल्यास पहिल्याची बाकी १, दुसऱ्याची ७.

कोल यांना तीन वर्षांचे रविवार लागले, आणि आपणास ताळ्यास दहा मिनिटे. गुणणे सोपे आणि फोडणे अवघड, हा फरक शतकानुशतके केवळ गणित्यांच्या कुतूहलाचा विषय होता. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमिर आणि ॲडलमन या तिघांनी त्यावरून एक कुलूप तयार केले. दोन प्रचंड मूळसंख्या गुणून आलेला गुणाकार सर्वांस जाहीर करावयाचा. अवयव ज्याला ठाऊक त्यालाच कुलूप उघडते. संगणकावरून होणाऱ्या आर्थिक व्यवहारांच्या सुरक्षिततेत या कुलपाला मोठे स्थान मिळाले. त्याच वर्षी या पद्धतीची १२९ आकडी संख्या जाहीर आव्हान म्हणून देण्यात आली. ती १९९४ मध्ये शेकडो स्वयंसेवकांनी आपापले संगणक आठ महिने राबवून फोडली. २०२० मध्ये २५० आकडी संख्या फुटली. म्हणून कुलपाच्या संख्याही वाढत गेल्या, आणि आता सहाशेहून अधिक आकड्यांच्या वापरल्या जातात. आमची एकवीस आकडी संख्या आजचा घरगुती संगणक डोळ्याचे पाते लवते न लवते तोच फोडतो. खातेदार काउंटरवर येऊन विचारतात, मोबाइलवरून पैसे पाठवले तर वाटेत कोणी वाचत नाही ना? त्यांना एवढे सगळे सांगावयास वेळ नसतो.

मर्सेन यांच्या यादीचे पुढे काय झाले, तेही सांगावयास हवे. ६७ चुकीचा निघाला. उलट, ६१ हा घातांक चालतो असे रशियातील एका खेड्यातील धर्मोपदेशक इव्हान पेर्वुशिन यांनी १८८३ मध्ये दाखविले. मर्सेन यांच्या यादीत तो नव्हता. त्यावरून ६१ च्या जागी ६७ छापला गेला असावा अशी शंका काहींनी काढली. आम्हास हे समर्थन फारसे पटत नाही, कारण ८९ आणि १०७ हे चालणारे घातांकही यादीत नव्हते. २५७ पर्यंतची संपूर्ण तपासणी १९४७ मध्ये पुरी झाली. एकंदर पाच चुका निघाल्या. दोन घातांक नको ते आले होते आणि तीन राहून गेले होते. या जातीच्या मूळसंख्यांचा शोध पुढे संगणकांवर चालू राहिला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये १३,६२,७९,८४१ व्या घाताची मूळसंख्या जाहीर झाली. ती लिहावयास चार कोटी दहा लाखांहून अधिक आकडे लागतात.

यादीतला दुसरा चुकीचा घातांक २५७. त्याची संख्या अठ्ठ्याहत्तर आकडी आहे. ती मूळसंख्या नाही हे १९२० च्या दशकातच कळले होते, पण अवयव सापडावयास संगणकाचा काळ उजाडला. तिचे मूळ अवयव तीन आहेत, आणि त्यांतला सर्वांत लहान पंधरा आकडी आहे : ५३,५०,०६,१३,८८,१४,३५९. विद्यार्थ्यांनी यातून १ वजा करावा आणि २५७ च्या दुपटीने, म्हणजे ५१४ ने, भागून पाहावे.